एकेचाळीसपैकी एकेचाळीस

"जो काहीच बोलत नाही त्याला पास करू नकोस," हेडमास्तर म्हणाले होते.

मी मान डोलावली, पण डोळे फोनवर होते. फोनवर पाळणाघराच्या कॅमेऱ्यातून माझी सात महिन्यांची लेक दिसत होती आणि ती हलत नव्हती. झोपली होती, एवढंच. पण झोपलेलं बाळ आणि न हलणारं बाळ यांत फरक काय, हे एवढ्याशा पडद्यावर कोणाला कळतं? मी पाळणाघरातल्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, सकाळपासून हा चौथा. आता तुमच्या फोननेच उठेल ती." आणि खरंच उठली, भोकाड पसरलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मान वर केली तोवर हेडमास्तर आपल्या खुर्चीकडे परत गेले होते.

हेडमास्तर म्हणजे आमच्या टीममधले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. दुसऱ्याचा कोड ते कागदावर छापून घ्यायचे आणि लाल पेनने तपासायचे, म्हणून हे नाव. माझ्याही कागदावर त्यांनी एका ओळीभोवती लाल गोल काढला होता. ती ओळ पुढे सांगते. आधी आम्ही काय बनवतो ते.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक बटण बनवते. कोटाच्या गुंडीपेक्षा जरा मोठं, पांढरं, गळ्यात घालायचं. चक्कर आली, पडलात, की दाबून धरायचं. दोन मिनिटांत आमच्याकडून फोन येतो. आणि दाबलं नाही तरी ते दर तासाला आपणहून "मी आहे" असा निरोप पाठवत राहतं. माझी आई दुसऱ्या गावी एकटी राहते. मी कंपनीत लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर हे बटण तिच्या गळ्यात घातलं.

"म्हशीच्या गळ्यात घंटा तशी," आई म्हणाली होती. पण घातलं.

या बटणामागचं सॉफ्टवेअर जावा नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे आणि त्याचे एकेचाळीस तुकडे आहेत. एका तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. एकेचाळीस मॉड्यूल म्हणजे एकेचाळीस जणांचं एकत्र कुटुंब. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही, दोघा-तिघांना एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, आणि थोरल्याने नुसती कूस बदलली की धाकट्या सगळ्यांची झोपमोड. या लोकांना दररोज एका फोटोत उभं करायचं काम जे अवजार करतं, ते बिल्ड टूल. त्या टूलकडून आपल्या घरचं काही जास्तीचं काम करून घ्यायचं असेल, तर एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्याला जोडायचा. तो प्लगइन.

बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा हा प्लगइन लिहायचं काम मला मिळालं. प्रत्येक मॉड्यूलच्या स्वतःच्या चाचण्या असतात आणि त्या झाल्या की तो आपल्या फोल्डरमध्ये निकाल ठेवतो. माझ्या प्लगइनने एकेचाळीस दारं हिंडायची, प्रत्येकाचा निकाल वाचायचा आणि कोणी एक जरी नापास असला तरी सगळं थांबवून लाल दिवा लावायचा. सगळे पास असतील तर हिरवा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: एकेचाळीसपैकी एकेचाळीस.

"तुझ्यासारखी या कामाला दुसरी मिळणार नाही," आमचा टीम लीडर म्हणाला. त्याचं नाव आम्ही पाठीमागे डेमोराव ठेवलं होतं, कारण त्याचा प्रत्येक दिवस एक तर डेमोच्या आदला असायचा, नाहीतर डेमोचा. पण त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी गॅस बंद केला की परत जाऊन बघणारी. बाळाच्या दुधाचं तापमान मनगटावर, मग थर्मामीटरने, मग परत मनगटावर. नवरा म्हणायचा, "अगं, तू तिची आई आहेस की चौकीदार?" मी म्हणायचे, "दोन्ही. तुझा कोणत्याच जागेसाठी अर्ज नव्हता."

प्लगइन पहिल्यांदा चालवला तेव्हा दिवा लाल. सहा मॉड्यूल इतके जुने की त्यांना चाचण्याच नव्हत्या. चाचण्या नाहीत म्हणून निकाल नाहीत, निकाल नाहीत म्हणून माझा प्लगइन त्यांच्या दारात हटून बसला. तीन वाजता डेमो होता.

"लाल का दिसतंय गं?" डेमोरावने विचारलं.

"सहा जणांचा निकालच नाहीये."

"म्हणजे नापास झालेत?"

"नाही, निकालच..."

"नापास झालेले नाहीत ना? मग लाल कशाला?"

आता बघा, यात तर्काची चूक शोधायला बराच वेळ लागला असता, आणि घड्याळात अडीच वाजले होते. मी एक ओळ लिहिली: निकाल सापडला नाही तर पुढच्या दाराला जा. शेजारी टीप लिहिली: तात्पुरतं. दिवा हिरवा झाला. एकेचाळीसपैकी एकेचाळीस. डेमोमध्ये टाळ्या पडल्या.

हेडमास्तरांचा लाल गोल होता तो याच ओळीभोवती. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ते माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"हजेरी घेताना जो 'हजर' म्हणत नाही, त्याला तू हजर लावतेस?"

"सर, तात्पुरतं आहे."

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात. 'तात्पुरतं' लिहिलेल्या ओळीएवढं कायमचं मी काही पाहिलेलं नाही." मग जरा खालच्या आवाजात, "माझं मॉड्यूल कोणतं ते माहीत आहे ना तुला? जो काहीच बोलत नाही त्याला पास करू नकोस."

माहीत होतं. त्यांच्या मॉड्यूलला आम्ही 'मौन' म्हणायचो. त्याचं काम एवढंच: एखाद्या बटणाकडून सव्वीस तास काहीही निरोप आला नाही, तर आरडाओरडा करायचा. पण मी सांगितलं ना, त्या क्षणी माझी मुलगी हलत नव्हती.

चार महिन्यांनी हेडमास्तर निवृत्त झाले. निरोपाला सगळे जमले, कोणी भाषण केलं, कोणी डोळे पुसले. निघताना ते माझ्याजवळ थांबले. "ती ओळ?"

"याच आठवड्यात, सर."

त्यांनी खिशातलं लाल पेन काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते भावनेच्या भरात घेतलं आणि बाळाच्या हाती लागू नये म्हणून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिलं.

आता आईबद्दल. नातेवाइकांसाठी आमचं एक अ‍ॅप आहे. त्यात आपल्या माणसाच्या नावापुढे एक ठिपका असतो. बटण दाबलं गेलं किंवा 'मौन' ओरडलं तर लाल, नाहीतर हिरवा. ठिपका येण्याआधी मी आईला सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, आवाज असा का येतोय. ठिपका आला आणि संध्याकाळचा फोन सुटला. हिरवं दिसतंय, उगाच तिला कशाला उठवायचं. मी कामावर परतले आणि सकाळचाही गेला. मग रविवारी एकदा, तेही बाळाला सर्दी नसेल तर. बाळाला रविवारी सर्दी असायचीच. पण ठिपका मी रोज बघायचे, दिवसातून दहा वेळा बघायचे. आईची एवढी काळजी मी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

हेडमास्तर गेल्यावर आम्ही फोल्डर नव्याने लावायला घेतले. घर आवरताना एखादी पिशवी जुन्या खोलीत राहून जाते, तसं झालं. 'मौन' नव्या फोल्डरमध्ये आलं, त्याच्या चाचण्या चालवणारी ओळ जुन्यातच राहिली. चाचण्या चालल्या नाहीत. निकाल आला नाही. माझा प्लगइन दारात गेला, निकाल नाही म्हणून पुढच्या दाराला गेला. एकेचाळीसपैकी एकेचाळीस.

त्यानंतर कोणीतरी, चांगल्या हेतूनेच, वेळ मोजायची सगळ्यांची पद्धत एकसारखी केली. आमच्यात काही मॉड्यूल तासांत मोजायचे, काही दिवसांत. आता सगळे दिवसांत. हा बदल इतर चाळिसांना कळवला गेला. 'मौन'ला कोणी कळवलं नाही. तिथे नुसता सव्वीस हा आकडा लिहिलेला होता, तो तसाच राहिला. सव्वीस तासांचे सव्वीस दिवस झाले. नेमकी हीच चूक पकडणारी चाचणी हेडमास्तरांनी लिहून ठेवली होती. ती चालली असती तर.

नवीन आवृत्ती बाहेर पडली आणि तीन आठवड्यांनी डेमोरावने सगळ्यांना बोलावून पडद्यावर एक आलेख दाखवला. 'बटण गप्प आहे' अशा सूचना, ज्यांनी ग्राहक सेवेच्या लोकांचा जीव नकोसा केला होता, त्या आता शून्यावर आल्या होत्या. शून्य! "याला म्हणतात दर्जा," तो म्हणाला, आणि दर्जाची राखण करणारी म्हणून मला सगळ्यांसमोर एक कप दिला. कपावर हिरवा टिकमार्क होता. मी कपाचा फोटो आईला पाठवला. तिने उत्तरात नमस्काराचे दोन हात पाठवले. नेहमी तीन-चार ओळींचा मजकूर लिहिणारी बाई. मला वाटलं, हल्ली शिकलीय हे हातबित पाठवायला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, आईच्या समोरच्या घरातल्या काकूंचा फोन आला.

"मी सांगितलं असं सांगू नकोस हं. तुझी आई लंगडतेय. विचारलं तर म्हणते, चप्पल चावली. अगं, चप्पल चावली तर माणूस भिंत धरून चालतं का?"

मी अ‍ॅप उघडलं. ठिपका हिरवागार. तरी मी आत जाऊन मूळ नोंदी काढल्या, ज्या अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत. आईच्या बटणाचा शेवटचा "मी आहे" बारा दिवसांपूर्वीचा होता. सकाळी आठचा.

फोन लावला.

"काय गं, आत्ता? ऑफिसला सुट्टी का?"

"आई, पाय कसा आहे?"

"समोरची बोलली ना? तिच्या पोटात काही म्हणून राहत नाही."

"आई, पाय."

"बरा आहे. सूज उतरली आता."

"आणि बटण?"

"आहे की. कपाटात. बंद पडलंय गं ते. पाणी गेलं असेल."

"कधी?"

"मी पडले तेव्हाच. बाथरूममध्ये. तू शिकवलंस तसं दाबलं मी, तीन सेकंद धरून. मोजले पण. म्हटलं, दोन मिनिटांत फोन येईल. मग म्हटलं, त्यांच्याकडे गर्दी असेल, माझ्यासारख्या किती जणी. परत दाबलं."

"किती वेळ पडून होतीस?"

"तिथे घड्याळ कुठे असतं? उठले तेव्हा समोरची मुलं शाळेतून येत होती."

मी नाक ओढलं. तिलाच राहवलं नाही. "आता रडू नकोस. अगं, मोडलं बिडलं काही नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तूच बनवलेलं आहे ना ते? तक्रार केली तर तुझ्याच अंगावर येणार. नुकती परत रुजू झालीस, पदरात एवढंसं मूल. म्हटलं, जाऊ दे, चालता येतंय." मग ती अगदी साधेपणाने म्हणाली, "आणि तुला ठिपका दिसतो ना. तू फोन केला नाहीस, तेव्हा म्हटलं, हिला सगळं ठीक दिसत असेल. म्हणजे असेलही ठीक."

बारा दिवस माझी आई माझी नोकरी सांभाळत होती आणि मी तिचा ठिपका.

नवऱ्याला मी आईकडे पाठवलं. तो काही न विचारता निघाला, आणि दोन तासांनी त्याने आईच्या पायाचा फोटो पाठवला. निळा-पिवळा झालेला. दवाखान्यात नेऊन हाड शाबूत असल्याचं कागदावर लिहून आणलं. आईने त्याला विचारलं म्हणे, "तिला बोलले नाहीत ना ऑफिसात?"

मी तोवर प्लगइन उघडून बसले होते. टीप तशीच होती: तात्पुरतं. ती ओळ पुसून तिच्या जागी लिहिलं: निकाल सापडला नाही तर थांब. चालवला. सात लाल.

डेमोराव धावत आला. "अगं, हे काय केलंस? उद्या डेमो आहे!"

"उद्या लाल दाखव."

"सात?" त्याने आवाज उतरवला. "निदान पिवळं नाही का करता येणार?"

मी त्याला माझ्या आईच्या पायाचा फोटो दाखवला. पिवळा होताच. एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते: 'मौन' दुरुस्त करून नवी आवृत्ती संध्याकाळच्या आत बाहेर काढायला त्यानेच सगळ्यांना थांबवून घेतलं.

दरम्यान मी यादी काढली. सव्वीस तासांहून जास्त गप्प असलेली बटणं किती? नऊ. एक माझी आई. उरलेल्या आठांना ग्राहक सेवेतल्या मुलींनी फोन लावले. सात जण मिळाले. एक आजी बटण लेकीकडे विसरून आल्या होत्या. एका काकांनी ते मांजराच्या गळ्यात घातलं होतं आणि मांजर परागंदा होतं. एक मावशी रुग्णालयात होत्या, त्यांच्या सुनेने फोन उचलला आणि आम्हाला जे ऐकवायचं ते ऐकवलं. ते बरोबरच होतं.

राहिला एक. फोन वाजून वाजून बंद झाला, दुसऱ्या दिवसापासून तोही लागेना. तिसऱ्या दिवशी मी यादी बघितली तर नऊच्या नऊ ओळी हिरव्या. मी ग्राहक सेवेतल्या मुलीकडे गेले.

"हे मिळाले का?"

"नाही, पण संपर्क केला ना. चार वेळा. 'संपर्क केला' असं भरलं की ती ओळ हिरवी होते."

"उचलला कोणी?"

"तसा रकानाच नाहीये, ताई."

तो रकाना नसलेला फॉर्म आमच्याच एका मॉड्यूलमधून येतो. जुन्या सहांपैकी एक.

संध्याकाळी मी हेडमास्तरांना फोन केला. कशासाठी, हे मलाही धड माहीत नव्हतं. रागावून घ्यायचं असावं.

"सर, ती ओळ काढली."

"किती लाल?"

"सात."

"सहा जुने, सातवं माझं." त्यांना विचारावंही लागलं नाही. "आणि गप्प किती निघाले?"

मी सगळं सांगितलं. आईचंही. मी वाट बघत होते, आता म्हणतील, सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग मला कशाला फोन करत बसलीस? नववा शोध."

शनिवारी मी बाळाला घेऊन त्या नवव्या माणसाच्या नोंदणीच्या फॉर्मवरच्या पत्त्यावर गेले. दुसरा मजला, दाराला कुलूप, कुलपावर धूळ. खालच्या दुकानदाराने सांगितलं, "ते होय? त्यांनी चार महिन्यांपूर्वीच जागा सोडली. लहान खोली बघितलीय म्हणाले होते, कुठे ते नाही बोलले. फार बोलायचे नाहीत." म्हणजे शेवटचा "मी आहे" ज्या खोलीतून आला, ती आम्हाला माहीतच नाही. आपण कुठे आहोत हे बटणाला कळत नाही. ती सोय पुढच्या वर्षीच्या यादीत आहे. पोलिसांत कळवलं. त्यांनी नोंद केली आणि नोंद झाल्याचा संदेश मला पाठवला, हिरव्या अक्षरांत.

आता मी आईला रोज दोनदा फोन करते. ती वैतागते, "अगं, आत्ताच तर बोललो." बाळाचा कॅमेरा मात्र मी बंद केलाय, पाळणाघरातल्या ताईंनी त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला. लाल पेन कपाटातून काढून टेबलावर ठेवलंय. पण त्या नवव्या माणसाचा शेवटचा निरोप आला त्याला आज चोवीस दिवस झाले, आणि माझ्याकडे विचारायला दुसरं दार उरलेलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते.

नाव सांगायची मला परवानगी नाही. फॉर्मवर जे आहे ते सांगते. वय एकोणऐंशी. व्यवसाय शिंपी, आता निवृत्त. एकटे राहतात. अडचणीत कळवायची व्यक्ती, हा रकाना कोरा. आमचं पांढरं बटण, कोटाच्या गुंडीपेक्षा जरा मोठं; दुकानदार म्हणाला, ते त्यांनी दोरी काढून शर्टालाच शिवून टाकलं होतं, अगदी सफाईने, कडेला चार भोकं पाडून. गेल्या चार-पाच महिन्यांत तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, एखाद्या लहान खोलीत असे कोणी राहायला आले असतील, आणि त्यांचा तुम्हाला काहीच त्रास नसेल, आवाज नसेल, कुरबुर नसेल, तर कृपा करून आजच जा. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं, तेही फॉर्मवर लिहिलंय. बेल दोनदा वाजवा. आणि आतून उत्तर आलं नाही, तर सगळं ठीक असेल असं धरून परत फिरू नका.